न्याय ‘होणार’ की न्याय ‘मिळणार’?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा होता. ऑगस्टमध्ये रात्री रिंग रोडवर एका कारनं त्याच्या गाडीला मागून उडवलं. अकरा दिवस आयसीयूत होता, मग गेला. कारवाल्याला लगेच जामीन झाला. आईला आधीपासूनच अर्धांगवायू आहे. ती रात्रभर कण्हते आणि विचारते, “पोरगा कुठं असेल गं माझा? मला ओळखेल का?” घरी प्रार्थनेला आलेल्या एक बाई म्हणाल्या, घरात काहीतरी पाप असेल, ते कबूल करा. दुसऱ्या म्हणाल्या, त्याचं दृढीकरण झालं नव्हतं, चार वर्षं तो चर्चला आला नाही, त्याचा न्याय झालाच समजा. एक काका म्हणतात, केस सोडा, न्याय देवाचा आहे, तसेही शेवटचे दिवस चालू आहेत. कारवाल्याकडूनही ‘समजुतीनं घ्या’ असा निरोप आलाय. मला तो माणूस तुरुंगात गेलेला पाहायचाय. हे पाप आहे का? पूर्वी ‘शेवटचा न्याय’ हा शब्द ऐकला की भीती वाटायची, आता चीड येते. सकाळी उठावंसं वाटत नाही.
— एक बहीण, जरीपटका

उत्तर :

ताई, सप्रेम सलाम.

तीन माणसं तुमच्या घरी सांत्वनाला आली आणि तीन निकाल देऊन गेली. तिघांनीही शास्त्राचं नाव घेतलं असेल, पण त्यांचे निकाल शास्त्रात बसत नाहीत. तुमच्या चिडीचं मूळ बरंचसं तिथंच आहे, म्हणून आधी ते निस्तरू.

पहिला निकाल, ‘घरात पाप असेल’. येशूसमोर हाच प्रश्न आला होता. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली होती. येशूनं तो आकडा घेऊनच लोकांना विचारलं, यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा हे अठरा जण जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तरही स्वतःच दिलं, नाही (लूक १३:४-५). त्याच वाक्यात पुढं तो पश्चात्तापाचं बोलतो खरा, पण समोर उभ्या असलेल्या धडधाकट लोकांशी बोलतो. गेलेल्यांच्या घरी जाऊन तो हे बोललेला नाही. हा फरक तुमच्याकडे आलेल्या बाईंच्या लक्षात आला नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? तेव्हाही त्यानं दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:३). आणि मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि चुकत गेले. शेवटी देवाचा राग त्या कारणं सांगणाऱ्यांवर झाला. ओरडणाऱ्या, भांडणाऱ्या ईयोबाबद्दल मात्र देव म्हणतो की तो यथार्थ बोलला (ईयोब ४२:७).

आता तुमच्या चिडीकडे येऊ. ‘न्यायाचा दिवस’ हे शब्द आपण चर्चमध्ये बहुतेक वेळा आरोपीच्या जागी उभं राहून ऐकतो. माझा न्याय होणार, माझा हिशेब निघणार, म्हणून भीती. पण मराठीत न्याय ‘होतो’ तसा ‘मिळतो’ही. दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की आपल्याच नागपुरात मोर्चे निघतात, टेकडी रोडला, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात. तिथं कोणी ‘आमचा न्याय करू नका’ अशी घोषणा देतं का? ते म्हणतात, न्याय द्या. २३ नोव्हेंबर १९९४ ला ह्याच रस्त्यावर मोर्चाला आलेली गोवारी समाजाची ११४ माणसं चेंगरून गेली. सीताबर्डीच्या त्यांच्या स्मारकापाशी उभं राहून ‘देव एक दिवस न्याय करील’ असं वाक्य म्हणून पाहा. ते धमकीसारखं ऐकू येत नाही. ज्याचं कोणी ऐकलं नाही त्याला मिळालेला तो शब्द वाटतो.

पवित्र शास्त्रात पुष्कळ ठिकाणी न्यायाकडे ह्याच बाजूनं पाहिलंय. स्तोत्र ९६ मध्ये शेतं उल्हासतात, रानातली झाडं आनंदानं गातात. का, तर परमेश्वर न्याय करायला येतोय! झाडांना काही लपवायचं नसतं, आणि त्यांच्यावर कुऱ्हाड चालवणाऱ्यांचा हिशेबही तोवर झालेला नसतो. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखाली जिवे मारलेल्यांचे आत्मे आहेत. ते स्वर्गात आहेत, देवाजवळ आहेत, तरी मोठ्यानं ओरडतात, प्रभू, आमच्या रक्ताचा न्याय कोठवर करणार नाहीस? त्यांना कोणी गप्प करत नाही, अविश्वासू म्हणत नाही. प्रत्येकाला एक शुभ्र झगा दिला जातो आणि अजून थोडा वेळ थांबायला सांगितलं जातं. स्वर्गात पोचलेल्यांना जो प्रश्न विचारायची मुभा आहे तो जरीपटक्यातल्या बहिणीनं विचारला तर त्यात पाप कसलं?

काकांचं म्हणणं, ‘न्याय देवाचा आहे, केस सोडा’. ते बहुधा रोमकरांस १२:१९ मधून आलंय. सूड उगवू नका, तो देवाच्या क्रोधावर सोपवा. वचन खरं आहे, अर्धंच सांगितलं गेलंय. प्रेषित पौलानं रोमकरांना हे पत्र लिहिलं तेव्हा त्यात अध्यायांचे आकडे नव्हते, ते तेराव्या शतकात पडले. आकडे पुसून सलग वाचा. ह्या ओळीनंतर मध्ये फक्त पाच वचनं जातात आणि १३:४ येतं. तिथं तोच पौल म्हणतो की वाईट करणाऱ्याला शासन करण्यासाठी सत्ताधारी हा देवाचाच सेवक आहे. म्हणजे सूड तुमच्या हातातून काढून घेतलाय आणि त्याचा आजच्यापुरता एक भाग कोर्टाकडे दिलाय. पौल स्वतःही तसाच वागला. कैसराकडे अपील केलं (प्रेषितांची कृत्ये २५:११). फिलिप्पैत त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी ‘जाऊ द्या त्यांना’ असा निरोप पाठवला. तो म्हणाला, चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप काढून देता? ते चालायचं नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (१६:३७). ‘समजुतीनं घ्या’ ह्या निरोपाला इतकं चोख उत्तर शास्त्रात दुसरं नसेल.

आणि ती विधवा. लूक १८:१-८ आज रात्रीच वाचा. देवाला न भिणारा, माणसाची पर्वा न करणारा एक न्यायाधीश आणि त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाणारी एक बाई. तिच्याकडे ना पैसा, ना ओळख, फक्त चकरा मारण्याची चिकाटी. येशू ही गोष्ट ‘खचून न जाता सतत प्रार्थना करावी’ म्हणून सांगतो, आणि तिचा शेवट मनुष्याचा पुत्र येईल त्या दिवसावर करतो. प्रार्थना, कोर्टाची पायरी आणि शेवटचा न्याय, तिन्ही आठ वचनांत एकत्र गुंफलेली आहेत. प्रार्थना करायची म्हणून तिनं कोर्ट सोडलं नाही. तिचं कोर्टात जाणं हेच येशूनं प्रार्थनेचं उदाहरण म्हणून दाखवलंय.

तो तुरुंगात जावा असं वाटणं पाप आहे का? नाही. त्याचेही हातपाय तुटावेत, त्याच्याही आईनं असं रडावं, असं वाटायला लागलं की मात्र ते तुम्हाला आतून खायला सुरुवात करील. तरीसुद्धा ते लपवू नका, देवासमोर जसंच्या तसं बोला. स्तोत्रं रचणाऱ्यांनी याहून भयंकर गोष्टी देवाला सांगितल्यात, आणि त्या माणसांवर न करता देवासमोर ओतल्या म्हणूनच ती प्रार्थना झाली. क्षमेची घाई करू नका. क्षमा म्हणजे त्याच्याकडून स्वतः वसुली करण्याचा हक्क सोडणं. जे घडलं ते घडलंच नाही म्हणणं किंवा साक्ष फिरवणं याला क्षमा म्हणत नाहीत. क्षमा करूनही माणूस कोर्टात खरी साक्ष देऊ शकतो, आणि ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही दहा आज्ञांतलीच एक आहे.

केसबद्दल थोडं, कारण ह्या दोन-तीन महिन्यांतल्या चुका पुढं भरून निघत नाहीत. जामीन म्हणजे सुटका नव्हे. निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याचा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणून तो लगेच मिळाला. खटला उभाच आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. ह्या गुन्ह्यात फिर्याद शासन चालवतं आणि कायद्यानं तो आपसांत मिटवण्याजोग्या गुन्ह्यांत मोडत नाही. तेव्हा ‘सही करा, मिटवून टाकू’ असं कोणी म्हणालं तर वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही नको, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) नुसार तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ते तोंडी न विचारता लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या.

नुकसानभरपाईचा दावा वेगळा असतो. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो आणि पैसे सहसा त्या कारच्या विमा कंपनीकडून येतात. अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात लिहिलेली आहे, म्हणजे तुमच्यासाठी फेब्रुवारी. तिथवर थांबू नका. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, भावाच्या वयाचा आणि कमाईचा पुरावा, हॉस्पिटलची बिलं, त्या कारचा नंबर आणि विम्याचा तपशील, सगळं एका फाइलमध्ये लावा. हा दावा करणं म्हणजे भावाच्या जिवाची किंमत लावणं, असं कोणी म्हणेल. आईची औषधं आणि फिजिओथेरपी त्याच्या पगारातून चालत होती का, हे तिथं बघितलं जातं. तुम्ही आणि आई दोघी स्त्रिया आहात, त्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

आता सगळ्यात अवघड भाग, तुमचा भाऊ. दृढीकरण हा बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास जाहीर कबूल करण्याचा मंडळीचा संस्कार आहे, स्वर्गाचं गेटपास नाही. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या गुन्हेगाराला बाप्तिस्माही मिळाला नव्हता, आणि त्याला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं वचन मिळालं (लूक २३:४३). तुमच्या भावाच्या मनात त्या अकरा दिवसांत काय चाललं होतं, व्हेंटिलेटरच्या पलीकडे तो कोणाशी बोलला, हे ना तुम्हाला माहीत, ना त्या बाईंना. म्हणून ‘तो नक्की स्वर्गात आहे’ असा दाखला इथून देता येत नाही. दिला तर तुम्हीच रात्री तीनला उठून विचाराल, यांना कसं कळलं? पण ‘न्याय झालाच’ असं म्हणणाऱ्यांनी तर पौलाची सरळ आज्ञा मोडली आहे, की प्रभू येण्याच्या आधी, वेळेपूर्वी कशाचाच निवाडा करू नका (१ करिंथ ४:५).

तुम्हाला धरून राहता येईल असं एक आहे, न्यायाधीश कोण ते. पित्यानं न्यायाचं सगळं काम पुत्राकडे सोपवलंय (योहान ५:२२). म्हणजे त्या आसनावर जो बसलाय त्याच्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत, रात्री अटक होऊन खोट्या साक्षींवर तो स्वतः दोषी ठरलेला आहे, आणि त्याच्याही आईनं त्याला मरताना पाहिलंय. अब्राहामानं सदोम नगराचा नाश टळावा म्हणून रदबदली करताना जो प्रश्न विचारला होता, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय (उत्पत्ती १८:२५), तो प्रश्न भावाचं नाव घेऊन तुम्हीही विचारा. मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही यात मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. कॅथलिक बांधव २ नोव्हेंबरला ती मुद्दाम करतात, प्रॉटेस्टंट मंडळ्या सहसा करत नाहीत. पण त्याच्याबद्दल देवाशी बोलायला कोणत्याच मंडळीत बंदी नाही.

आई विचारते, मला ओळखेल का? तिला ‘आत्म्याला शांती मिळाली’ एवढंच सांगू नका. आपली आशा तेवढीच नाही. आपण दर रविवारी विश्वासांगीकारात शरीराचं पुनरुत्थान म्हणतो, आणि तिच्यासारख्या अर्धं अंग लुळं पडलेल्या बाईला तो शब्द आपल्यापेक्षा जास्त कळतो. पौल बियाण्याचा दाखला देतो (१ करिंथ १५:३७). पेरलेला दाणा आणि वर आलेलं रोप सारखं दिसत नाही, पण तुरीच्या दाण्यातून तूरच येते. म्हणजे माणूस बदलला तरी तो तोच राहतो. उठलेल्या येशूला मरिया मग्दालीयेनं आधी माळी समजलं, पण त्यानं तिला नावानं हाक मारली आणि तिनं ओळखलं (योहान २०:१६). त्याचे व्रण तसेच होते, त्यानं भाजलेला मासा खाल्ला. हे प्रसंग आईला एकेक करून सांगा, एका रात्री एक.

‘रडू नका, आपण ख्रिस्ती आहोत’ असं म्हणणाऱ्यांसाठी योहान ११:३५ पुरे आहे. येशू रडला. मेलेल्या लाजराला तो काही क्षणांत उठवणार होता, हे त्याला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. आशा असली की रडू येत नाही, असं नाही. थेस्सलनीकाच्या पहिल्या पत्रातही (४:१३) पौल खेद करू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो.

‘शेवटचे दिवस’ याबद्दल फार लिहीत नाही. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही माहीत नाही, असं तो स्वतः म्हणाला (मार्क १३:३२). तरी २२ ऑक्टोबर १८४४, २१ मे २०११ अशा तारखा लोकांनी ठरवल्या, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि ज्यांनी घरदार विकलं त्यांचे हाल झाले. व्हॉट्सॲपवर येणारी गणितं पुढं पाठवू नका. तो दिवस जवळ असो की लांब, त्या दिवशी विचारलं काय जाणार हे मत्तय २५ मध्ये उघड सांगितलंय. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला, यांच्यासाठी काय केलंत? अंथरुणाला खिळलेली तुमची आई त्या यादीत पाचव्या जागी आहे, हे त्या काकांना प्रेमानं सांगायला हरकत नाही.

प्रार्थनेला येणाऱ्यांना सरळ एक निरोप पाठवा. ‘या, पण कारण सांगू नका. अर्धा तास बसा, एक स्तोत्र वाचा, आईचा हात धरा, चहा घेऊन जा.’ कोणी रागावलं तर रागावू द्या. पाळकांना मात्र निरोपावर न सोडता स्वतः भेटा आणि दोन गोष्टी मागा. त्या तिघांशी त्यांनी बोलावं, आणि आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी एकदा आईसाठी प्रभुभोजन घरी आणावं.

तुमच्या सकाळींबद्दल. तीन महिन्यांच्या दुःखात उठावंसं न वाटणं समजण्यासारखं आहे. पण झोप, जेवण, काम तिन्ही बिघडलेलं असेल, किंवा आपणही नसावं असे विचार येत असतील, तर आजच १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाण्यानं विश्वास कमी ठरत नाही.

आणि रोज रात्री पंधरा मिनिटं स्तोत्र १३. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. दर वेळी तिथं थांबून आपला ‘कोठवर’ म्हणा, तारखा कोठवर, आईचं हे कोठवर. तिसऱ्या-चौथ्या वचनाशी मागणं मागा, मोघम नको, उद्याचं नेमकं. पाचव्या-सहाव्या वचनात स्तोत्र एकदम भरवशाकडे, गाण्याकडे वळतं. लोक चुकतात ते इथंच, पहिली दोन वचनं झटकन उरकून सहाव्याकडे धावतात आणि मग म्हणतात, काही वाटलं नाही. तुम्हाला चौथ्याच्या पुढं जाववत नसेल तर चौथ्याशीच थांबा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलीही उभारी नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे.

वाचताना आईच्या उशाशी बसा. ती कण्हली की मध्येच थांबा. रोमकरांस ८ मध्ये तीन जण कण्हतात, सगळी सृष्टी, आपण, आणि ज्याला शब्द सापडत नाहीत अशा कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करणारा देवाचा आत्मा (८:२२-२६). आपण जे ‘शरीराचं मुक्त होणं’ म्हणतो तेही त्याच ओळींत येतं. तेव्हा तिचं कण्हणं संपेपर्यंत पुढचं वचन वाचू नका. त्या खोलीत प्रार्थना आधीच चालू आहे.